कोडिंगच्या बैठकीतला वाद पुसू नका

आरोग्यसेवा संशोधनाच्या टीममध्ये गुणात्मक काम, म्हणजे मुलाखती घेऊन त्यांतल्या बोलण्याचा अर्थ लावणं, सुरू झालं की पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच कुणीतरी विचारतं, "आपला कॅपा किती आला?" मुलाखतीतल्या ओळींना अर्थाची छोटी नावं देतात, ते कोड; दोघांनी दिलेले कोड किती जुळले याचा आकडा म्हणजे कॅपा. विचारणारे बहुधा डॉक्टर असतात किंवा संख्याशास्त्रातले लोक, आणि ते मनापासून विचारतात. दोन रेडिओलॉजिस्टनी एकच एक्स-रे दोन तऱ्हांनी वाचला तर पेशंटचं काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे एकाच मुलाखतीवर दोघांनी वेगवेगळे कोड लावलेले दिसले की त्यांना चैन पडत नाही.

माझं उत्तर आता ठरलेलं आहे. आकडा हवा तर काढू, पण आधी ज्या ओळींवर जमलं नाही त्या ओळी टेबलावर ठेवा. अभ्यासातलं जे पुढे कामाचं ठरतं, ते बहुतेक वेळा त्या न जमलेल्या ओळींतूनच निघालेलं मी पाहिलं आहे. मी या क्षेत्रात मुलाखती घेण्यापासून सुरुवात केली, पुढे बरीच वर्षं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ध्वनिफितीवरून उतरवलेले मजकूर, तयार केल्या, आणि आता कोडिंगच्या बैठका चालवते. तिन्ही जागांवरून एकच गोष्ट दिसत आली: टीम आपले मतभेद फार घाईने मिटवते.

आधी कॅपाबद्दल. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये हे माप मांडलं. दोन जण मजकूर न वाचता नुसते कोड लावत सुटले तरी काही ठिकाणी ते जुळणारच. ती योगायोगाची जुळणी वजा करून उरलेली सहमती किती, हे कॅपा सांगतो. माप चोख आहे. १९७७ मध्ये लँडिस आणि कोख यांनी त्याचे टप्पे पाडले: ०.६१ ते ०.८० म्हणजे भरीव सहमती, त्याच्या वर जवळजवळ पूर्ण. हे टप्पे मनाने ठरवलेले आहेत, असं त्यांनी त्याच लेखात स्पष्ट लिहिलं होतं. तक्ता जगभर गेला, ते वाक्य मागे राहिलं.

अडचण येते ती मुलाखतीला हे माप लावताना. कॅपाला आधीच ठरलेले वर्ग लागतात, आणि आपले वर्ग तर वाचता वाचता तयार होत असतात. शिवाय बोलण्याचा एक तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यावरच दोघांचं जमत नाही. एक जण चार शब्दांखाली रेघ मारतो, दुसरी अख्खा परिच्छेद उचलते. आणि मला सगळ्यात काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आकडा वाढवायचा सोपा मार्ग सगळ्यांना माहीत असतो: कोड ढोबळ करा. 'संवाद' नावाचा कोड म्हणजे गोणी, त्यात काहीही मावतं आणि त्यावर सगळ्यांचं एकमतही होतं. आकडा ०.८५ येतो, हाती काहीच लागत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते. अभ्यास होता हृदयाच्या कमजोरीमुळे दाखल झालेल्या आणि घरी सोडल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा दाखल व्हावं लागलेल्या पेशंटचा. घरी सोडताना अशा पेशंटना काही ठरावीक गोष्टी सांगतात: रोज सकाळी वजन करा, मीठ कमी ठेवा, पाण्याची गोळी चुकवू नका, आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोच्या आसपास वाढलं तर थांबू नका, लगेच कळवा. हे पेशंटपर्यंत पोहोचतं का, हा आमचा प्रश्न. एका वयस्क बाईंनी मुलाखतीत हे सांगितलं:

"सांगितलं की. सगळं सांगितलं त्यांनी, नीट सांगितलं. कागद पण दिला. मीच काही विचारलं नाही. त्यांची किती गडबड चालली होती, ताई."

आमच्यातल्या डॉक्टरांनी यावर 'सूचना समाधानकारक' हा कोड लावला. वॉर्डात बरीच वर्षं काम केलेल्या सिस्टरनी 'प्रश्न न विचारणे' लावला. जिने मुलाखत घेतली होती त्या मुलीने फक्त शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली होती आणि यादीत नसलेला एक कोड पेन्सिलीने लिहिला होता: 'कर्मचाऱ्यांची काळजी'.

तीन माणसं, पाच वाक्यं, तीन कोड. कॅपाच्या हिशेबात हे अपयश.

डॉक्टरांचा मुद्दा हलका नव्हता. ते म्हणाले, "अहो, बाई स्वतः म्हणतायत की नीट सांगितलं. त्यांच्या तोंडी आपण तक्रार का घालायची?" हा प्रश्न प्रत्येक कोडिंगच्या बैठकीत कुणीतरी विचारायलाच हवा. त्यावर सिस्टर म्हणाल्या, "सांगितलं, सांगितलं म्हणतायत, पण काय सांगितलं ते एकदाही आलेलं नाही. मी वॉर्डात हेच ऐकायचे. ज्या पेशंटना समजलेलं असतं ते गोळीचा रंग सांगतात."

मग मी मुलाखत घेणारीकडे वळले. तिने वहीतली टिपणं काढली. रेकॉर्डर बंद केल्यावर तिने सहज विचारलं होतं की वजन कधी करायचं, आणि बाई म्हणाल्या होत्या, "ते असेल कागदावर." कागद कपाटात घडी करून ठेवलेला होता. आणखी एक गोष्ट तिला आठवत होती. 'मीच' म्हणण्याआधी त्या बराच वेळ गप्प होत्या. ट्रान्सक्रिप्टमध्ये तिथे नुसता पूर्णविराम होता. आम्ही ध्वनिफीत लावली आणि सगळ्यांनी ती शांतता ऐकली.

त्यानंतर 'सूचना समाधानकारक' हा कोड लागलेले आधीचे सगळे उतारे आम्ही पुन्हा उघडले. आजूबाजूच्या ओळी वाचल्या तर एकच सूर पुन्हा पुन्हा यायला लागला. "त्यांना तरी किती पेशंट." "रात्रपाळी करून आलेल्या होत्या बिचाऱ्या." "माझ्या शेजारचा जास्त आजारी होता, म्हटलं त्याच्याकडे बघू दे." पेशंट वॉर्डावरच्या कामाचा अंदाज घेत होते आणि त्या हिशेबाने आपले प्रश्न आवरत होते. सूचना का पोहोचत नाहीत यासाठी यादीत तोवर दोन कोड होते, 'अपुरी माहिती' आणि 'आकलन कमी'. हे त्या दोन्हींत बसत नव्हतं. माहिती दिली होती. आकलन कमी आहे म्हणावं, तर हीच माणसं अख्ख्या वॉर्डाचा ताण अचूक ओळखत होती.

यावरून उपायही बदलतो. आकलन कमी असेल तर सोप्या भाषेत पत्रक काढा, चित्रं घाला. पेशंट आपणहून गप्प राहत असेल तर कितीही सुंदर पत्रक कपाटातच जाणार. त्याला असं कुणीतरी हवं, ज्याचा वेळ आपण खातोय असं त्याला वाटणार नाही.

डॉक्टरांच्या आग्रहाचाही मोठा उपयोग झाला. त्यांनी कौतुकाचा मुद्दा सोडला नाही, म्हणून आम्हीही ते कौतुक वरवरचं म्हणून बाजूला सारलं नाही. बाई खरंच समाधानी होत्या. त्यांना कर्मचाऱ्यांबद्दल आपुलकी वाटत होती, आणि त्या गप्प बसल्या त्या त्या आपुलकीमुळेच. हे दोन्ही धरून ठेवता आलं, कारण दोन्ही बाजूंचे वकील टेबलावर हजर होते. एकट्या कोडरला हे सुचलं असतं असं मला वाटत नाही. मला तर नक्कीच नाही.

संशोधकांमधल्या या फरकाचा कुणी अभ्यास केला नाही असं नाही. १९९७ मध्ये डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या तपासणीवरच्या एका गटचर्चेची ट्रान्सक्रिप्ट सहा अनुभवी संशोधकांना स्वतंत्रपणे वाचायला दिली. मूळ मुद्दे ओळखण्यात सहाही जण बरेच जवळ होते. त्या मुद्द्यांची बांधणी मात्र प्रत्येकाची वेगळी. २००१ मध्ये रोझलिन बार्बर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की एकाहून अधिक जणांनी कोडिंग करण्याचं मोल जुळणीच्या आकड्यात कमी आणि मतभेदाच्या चर्चेत जास्त आहे. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांचा २००६ चा थीमॅटिक विश्लेषणावरचा, म्हणजे मजकुरातून थीम (समान सूत्रं) मांडण्याच्या पद्धतीवरचा, लेख आज जो तो उद्धृत करतो. त्यात त्यांनी बजावलं आहे की थीम मजकुरात आधीपासून पडून नसतात आणि आपोआप वरही येत नाहीत. वाचणारा त्या घडवतो. पुढे त्यांनी आपल्या पद्धतीला 'रिफ्लेक्सिव्ह', म्हणजे वाचणाऱ्याने स्वतःच्या नजरेचंही भान ठेवायचं अशी, म्हटलं आणि सहमतीचे आकडे तिच्यात बसत नाहीत असंही सांगितलं. तरी त्याच लेखाचा हवाला देऊन खाली कॅपा छापणारे पेपर येतच राहतात. हे मला मनापासून खटकतं. पद्धत कुठलीही घ्या, पण तिचं म्हणणं पाळा.

आता प्रत्यक्ष बैठकीबद्दल, कारण नवीन लोक मला सगळ्यात जास्त तेच विचारतात.

सुरुवातीच्या काही ट्रान्सक्रिप्ट सगळ्यांनी वाचायच्या. सगळ्यांनी म्हणजे अर्थशास्त्रज्ञांनीही. "मी नंतर कोडबुक, म्हणजे कोडची यादी, बघेन" म्हणणाऱ्याला मी नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणते. ज्याने एकही मुलाखत पूर्ण वाचलेली नाही, तो पुढे निष्कर्षांवर मत देताना स्वतःच्या पूर्वग्रहांवरच मत देत असतो. वाचताना कोड लावायची घाई नको. समासात लिहा, प्रश्नचिन्हं टाका, राग आला तर तोही लिहा.

बैठकीत आधी बोलायचं मुलाखत घेणाऱ्या व्यक्तीने, आणि सगळ्यात शेवटी सर्वांत ज्येष्ठ माणसाने. हा नियम मी कधीच सोडत नाही. विभागप्रमुखांनी पहिल्याच मिनिटाला "हा तर सरळ सरळ संवादाचा प्रश्न आहे" म्हटलं की पेन्सिलीने लिहिलेला कोड खोडला जातो, आणि तो खोडल्याचं कुणाला कळतही नाही. आरोग्यसेवेतल्या टीममध्ये दर्जाची उतरंड रुग्णालयातून थेट बैठकीच्या खोलीत येते. पेशंटसमोर बसून आलेली व्यक्ती सहसा वयाने आणि पदाने सगळ्यात लहान असते. तिला बोलायला जागा करून देणं हे विश्लेषणाचंच काम आहे. शिष्टाचार म्हणून ते करायचं नसतं.

कोडबुकमध्ये नाव, व्याख्या, कधी लावायचा, कधी लावायचा नाही आणि एक नमुना उतारा हे रकाने असतातच. मी त्यात आणखी एक घालते: वाद. कुणाला काय वाटलं, कशावरून वाटलं, काय ठरलं आणि कधी. एखादा कोड फुटून दोन झाले किंवा दोन मिळून एक झाला तर त्याचं कारणही तिथेच. सहा महिन्यांनी टीममध्ये नवीन माणूस आला की त्याला व्याख्येपेक्षा हा रकाना जास्त शिकवतो.

मधूनमधून एखादी ट्रान्सक्रिप्ट पुन्हा दोघांनी स्वतंत्रपणे कोड करायची. परीक्षा म्हणून नव्हे. दोघांचे अर्थ हळूहळू सरकत असतात, ते कुठे पोहोचलेत हे कळावं म्हणून.

सॉफ्टवेअरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एनव्हिवो, अ‍ॅटलास टीआय, मॅक्सक्यूडीए यांपैकी टीमला जे परवडतं आणि जमतं ते घ्या. उतारे शोधायला, जुळवायला ती उत्तम आहेत. विचार ती करत नाहीत. ट्रान्सक्रिप्ट आता यंत्र बनवून देतं, त्याने वेळ वाचतो हे खरं, कारण हाताने तासाभराच्या मुलाखतीला चार-सहा तास सहज जातात. पण यंत्राच्या मजकुरात विराम, अर्धवट सोडलेली वाक्यं, हुंकार बहुधा गळून जातात. म्हणून माझी एक विनंती: नीतिसमितीकडे अर्ज करतानाच ध्वनिफिती विश्लेषण संपेपर्यंत सुरक्षित ठेवायची परवानगी मागा आणि संमतिपत्रातही तसं लिहा. ट्रान्सक्रिप्ट झाल्या झाल्या फीत पुसली असती तर ती शांतता आम्हाला पुन्हा ऐकता आली नसती.

मोठ्या, मिश्र टीमसाठी मला फ्रेमवर्क पद्धत सगळ्यात सोयीची वाटते. जेन रिची आणि लिझ स्पेन्सर यांनी ती १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये धोरणविषयक संशोधनासाठी विकसित केली आणि १९९४ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. एक मोठा तक्ता: प्रत्येक ओळ म्हणजे एक व्यक्ती, प्रत्येक स्तंभ म्हणजे एक विषय, आणि चौकटीत त्या व्यक्तीच्या बोलण्याचा सारांश, शक्यतो तिच्याच शब्दांचा धागा राखून. डॉक्टरांना हा तक्ता लगेच रुचतो, कारण त्यात आडवं वाचलं की एक माणूस पूर्ण दिसतो. नुसत्या कोडच्या ढिगात माणूस हरवतो. आमच्या त्या बाई 'सूचना', 'औषधं', 'घरचा आधार' अशा चौकटींत वाटल्या गेल्या असत्या. ओळ आडवी वाचली तेव्हा लक्षात आलं की घरीही त्या मुलाला त्रास नको म्हणून काहीच मागत नव्हत्या. रिकामी चौकटसुद्धा बघावी. प्रश्न विचारलाच गेला नव्हता, की विचारून उत्तर आलं नाही, हे दोन वेगळे रिकामेपण आहेत आणि ते वेगळ्या खुणांनी दाखवावेत.

'किती मुलाखती पुरेत' या प्रश्नावर थोडक्यात. ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांचा २००६ चा अभ्यास पुढे करून 'बारा' हा आकडा सांगितला जातो. त्यांनी ६० मुलाखती तपासल्या आणि बहुतेक कोड पहिल्या बारांत येऊन गेले, हे खरं. पण त्यांचे सहभागी बऱ्यापैकी एकसारखे होते आणि प्रश्नही सगळ्यांना सारखेच. मोनिक हेनिंक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की नवे कोड नवव्या मुलाखतीच्या सुमारास थांबले, तरी त्यांचा अर्थ पुरता उमगायला १६ ते २४ मुलाखती लागल्या. आमच्याकडे 'प्रश्न न विचारणे' हा कोड अगदी सुरुवातीला आला होता. तो कशामुळे, हे कळायला बराच वेळ गेला.

सेवा चालवणाऱ्यांना मात्र उत्तर लवकर हवं असतं, आणि त्यांचंही बरोबर आहे. नवीन व्यवस्था पुढच्या तिमाहीत सुरू होणार असेल तर वर्षाने आलेला सुंदर अहवाल कुणाच्याच कामाचा नाही. अशा वेळी झटपट विश्लेषण करतात: प्रत्येक मुलाखतीनंतर ठरलेल्या नमुन्यात एक-दोन पानी सारांश, मग सगळ्या सारांशांचा तक्ता. प्रश्न नेमके असतील तर हे छान चालतं. मी तिथेही दोन गोष्टी राखते. सारांश लिहिणाऱ्याने 'मला न पटलेलं किंवा न कळलेलं' असा एक चौकोन भरायचा, आणि निदान सुरुवातीच्या मुलाखतींचे सारांश दोघांनी वेगवेगळे लिहून समोरासमोर ठेवायचे. यासाठी लागणारा वेळ फार नाही.

आपण लावलेल्या अर्थाच्या उलट जाणाऱ्या पेशंटबद्दलही बोलायला हवं. त्याच अभ्यासात एक गृहस्थ असे निघाले ज्यांनी घरी जाताना सगळं विचारून घेतलं होतं. गोळी सकाळी का, प्रवासात काय करायचं, वजन काटा नसेल तर पाय सुजलेत हे कसं ओळखायचं. आमच्यातल्या एकाने त्यांच्या नावापुढे 'अपवाद' लिहून पान उलटलं. सिस्टर म्हणाल्या, थांबा, यांच्याशी बोललं कोण होतं? मुलाखतीत उत्तर होतं. एक फार्मासिस्ट स्टूल ओढून त्यांच्या पलंगाशी बसली होती आणि पहिलंच वाक्य बोलली होती, "माझ्याकडे तुमच्यासाठी वीस मिनिटं आहेत." गृहस्थ म्हणाले, "मग मी म्हटलं, आता विचारून घेतो."

त्या एका उताऱ्याने आमचा अर्थ तपासूनही दिला आणि पक्काही केला. वेळ आधी जाहीर झाला, तो आपला आहे हे कळलं, आणि माणूस बोलता झाला. पुढे शिफारशीत आम्ही पत्रकाऐवजी हेच लिहिलं: घरी सोडताना एका व्यक्तीचा ठरलेला वेळ, आणि तो वेळ पेशंटला सुरुवातीलाच सांगायचा.

पेपर लिहायची वेळ आली की पद्धतीच्या भागात एक वाक्य हमखास येतं: 'दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे कोडिंग केलं व मतभेद चर्चेने सोडवले.' मी समीक्षक म्हणून असे पेपर वाचते तेव्हा दर वेळी लिहिते की निदान एक मतभेद सांगा, तो कसा सुटला ते सांगा. गुणात्मक अभ्यासाच्या पेपरात काय काय लिहावं याची २००७ ची कोरेक ही ३२ मुद्द्यांची तपासयादी कोडर किती होते ते विचारते, कोडची मांडणी कशी होती ते विचारते. कोडर कोण होते आणि कशावरून भांडले, हे विचारत नाही. म्हणून आम्ही ते आपणहून देतो. वादाच्या रकान्यातले महत्त्वाचे चार-पाच मतभेद घेऊन छोटा तक्ता करतो: उतारा, कुणी कसा वाचला, वाचणाऱ्याचा पेशा, काय ठरलं, आणि त्यामुळे मागे जाऊन काय बदललं. उताऱ्यात ओळख पटेल असं काही राहिलं नाही ना, हे मुलाखत घेणारी व्यक्ती शेवटचं तपासते. संपादक शब्दमर्यादेवर बोट ठेवतात, तेव्हा तो तक्ता पुरवणी फाईलमध्ये जातो आणि मुख्य मजकुरात त्याचा एका ओळीत उल्लेख राहतो.